सोळा, चौदा की दहा?

२, ४, ८ यानंतर कोणता आकडा येईल, असे विचारले की वर्गातले सगळे हात वर जातात. बहुतेकांचे उत्तर एकच असते: सोळा. प्रत्येक वेळी दुप्पट. पण वर्ग जरा मोठा असला की त्यात चौदा म्हणणारे एखादे मूल निघतेच. दोनात दोन मिळवले, चारात चार मिळवले, आता आठात सहा मिळवायचे, असे त्याचे म्हणणे. क्वचित कुणी दहाही म्हणते. आधी दोन मिळवले, मग दुप्पट केली, आता पुन्हा दोन मिळवायची पाळी. तिघांनी तीन नियम शोधले आणि तिन्ही नियम दिलेल्या आकड्यांना बरोबर लागू पडतात. परीक्षेच्या पेपरात मात्र रिकामा चौकोन एकच असतो, आणि उत्तरसूचीत आकडाही एकच.

या तिघांपैकी कुणाला चूक म्हणण्याचा अधिकार आम्हां शिक्षकांना आहे काय? आणि असेल तर कशाच्या आधारावर? प्रश्न एका गुणाचा आहे, त्यामुळे कुणी फारसे मनावर घेत नाही. परंतु उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवताना आम्हांला असे जाणवत आले आहे की हा प्रश्न गणिताच्या पुस्तकात राहत नाही. तो पुस्तकातून उठतो आणि बाजारात, नोकरीच्या अर्जात, भाड्याच्या घराच्या दारात जाऊन उभा राहतो. थोडे पाहून पुष्कळाविषयी बोलणे, याला गणितात आकृतिबंध ओळखणे म्हणतात. माणसांच्या बाबतीत यालाच आपण पूर्वग्रह म्हणतो. कृती जर एकच असेल तर आम्ही मुलांना नेमके शिकवतो तरी काय, असा विचार मनात येतो.

मराठी पाठ्यपुस्तकात 'आकृतिबंध' हा भारदस्त शब्द आहे. उर्दूत आम्ही 'नमुना' म्हणतो, बोलण्याच्या ओघात 'तरतीब' म्हणतो. आमच्या मालेगावात नमुना म्हणजे काय ते मुलांना सांगावे लागत नाही. व्यापारी कापडाचा वीतभर तुकडा दाखवतो आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरून अख्खे ताके खरेदी करते. तुकडा पाहिलेला असतो, ताका पाहिलेला नसतो. मध्ये असतो तो भरवसा. हा भरवसा किती ठेवावा आणि कशाच्या जोरावर ठेवावा, हाच खरे तर या धड्याचा विषय आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सांगितले की गणित शिकवण्याचा मुख्य हेतू मुलाच्या विचाराला गणिती वळण लावणे हा आहे. २०२४ साली आलेल्या एन.सी.ई.आर.टी.च्या सहावीच्या 'गणित प्रकाश' या पुस्तकाचा तर पहिलाच धडा आकृतिबंधांचा आहे. हे चांगलेच झाले. पण धडा शिकवून झाला की मुले आकडा सांगायला शिकतात, भरवशाचा हिशेब द्यायला शिकतात असे नाही.

वस्तुतः नियम शोधणे मुलांना शिकवावे लागतच नाही. उर्दूत उनतीस, उनतालीस, उनचास, उनसठ, उनहत्तर, उन्नासी असे म्हणत आलेले पहिलीतले मूल नव्वदीच्या एक पायरी अलीकडे आले की बिनदिक्कत 'उननब्बे' म्हणते. शब्द आहे नवासी. मराठी माध्यमातले मूल एकोणनव्वदपर्यंत सुखरूप जाते आणि मग 'एकोणशंभर' म्हणून मोकळे होते. दोघांनाही हे शब्द कुणी शिकवलेले नाहीत, घरात ते कधी कानावर पडलेले नाहीत. ते त्यांनी स्वतः तयार केले आहेत. म्हणजे मुलाने नियम पाळला आणि भाषेने मोडला, तरी हसू होते ते मुलाचे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्यासारख्या विदुषी त्या समितीवर होत्या. लहान मुलाला नियम दिसावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. आम्हांला ती पद्धत सर्वस्वी पटली होती असे नाही, एकवीस आणि बावीस या शब्दांवर आमचाही जीव आहे. पण ज्या त्वेषाने तिची टिंगल झाली ती पाहून वाटले की मोठ्या माणसांना नियमापेक्षा सवय प्यारी असते.

उर्दू शाळेत आणखी एक गंमत असते. आमची लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे डावीकडून उजवीकडे. फळ्यावर ३, ६, १२, २४ लिहून 'इसे आगे बढ़ाओ' म्हटले की एखादा मुलगा येऊन तिनाच्या डावीकडे 'डेढ' लिहून जातो. बाकीची मुले हसतात. पण चोविसाचे निम्मे बारा, बाराचे सहा, सहाचे तीन, तिनाचे दीड. 'आगे' कुठल्या बाजूला, एवढाच काय तो फरक. नियम त्याने मोडलेला नाही.

मालेगावच्या मुलांसाठी सर्वांत जवळचे उदाहरण लूमचे. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचे कुणी ना कुणी लूमवर असते. धोटा आणि कांडी त्यांनी पाटी-पेन्सिलीच्या आधी पाहिलेली असतात. ताणा उभा, बाणा आडवा. बाणा एका धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. पुढच्या ओळीत याच्या उलट. चौकटीच्या वहीत हे रंगवले की बुद्धिबळाचा पट तयार होतो. दोन वरून, दोन खालून असे करत प्रत्येक ओळीत एक घर सरकले की तिरप्या रेघा उमटतात. जीन्सच्या कापडावर दिसणारी तिरपी रेघ अशाच सरकण्यातून येते. मुले हे रंगवताना वेळेचे भान विसरतात. आणि याच वहीत त्यांना एक गोष्ट आपोआप कळते, जी घरी अब्बांच्या तोंडून त्यांनी ऐकलेली असते. ताण्यातला एक धागा चुकीच्या जागी ओवला गेला तर ती चूक एका जागी राहत नाही, ताक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढत जाते. लूम जितक्या इमानाने नक्षी पुढे नेतो तितक्याच इमानाने खोटही पुढे नेतो. म्हणून चांगला कारीगर चालत्या लूमवरही अधूनमधून कापडावर हात फिरवतो.

हा हात फिरवणे गणितात कसे शिकवायचे? त्यासाठी आम्ही दर वर्षी एक कृती करवून घेतो. वर्तुळ काढा, त्याच्या कडेवर दोन बिंदू घेऊन जोडा: आतल्या जागेचे दोन भाग झाले. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू प्रत्येकाशी जोडा: चार भाग. चार बिंदू: आठ. पाच बिंदू: सोळा. इथे थांबून विचारावे, सहा बिंदूंचे किती? सगळा वर्ग एका आवाजात बत्तीस म्हणतो. मग काढून मोजायला सांगावे.

मोजल्यावर एकतीस निघतात. ज्यांनी कंपासने नेटके सहा समान भाग पाडून बिंदू घेतले त्यांना तर तीसच मिळतात, कारण तीन रेघा मध्यभागी एकाच ठिकाणी भेटतात आणि तिथला चिमुकला त्रिकोण नाहीसा होतो. बत्तीस कुणालाच मिळत नाहीत. मुले खोडतात, पुन्हा काढतात, पेन्सिलीला टोक करतात. 'सर, एक कम आ रहा है,' अशी तक्रार चारी बाजूंनी येते, जणू तो एक भाग आम्हीच खिशात घातला आहे.

आणि दर वर्षी दोन-तीन मुले अशी निघतात की ज्यांना बत्तीस मिळतात. त्यांची वही घेऊन पाहिले की दिसते, एखादा भाग दोनदा मोजला आहे. ही मुले लबाड नसतात. दुपटीच्या नियमावर त्यांचा विश्वास एवढा बसलेला असतो की मोजणारे बोट त्या विश्वासाच्या बाजूने सरकते. आमच्या मते या अख्ख्या धड्यातली सर्वांत महत्त्वाची जागा हीच. बत्तीस हा अंदाज करण्यात काहीच गैर नव्हते. तीन वेळा दुप्पट पाहिलेल्या कुणीही तोच केला असता. अंदाज वाचवण्यासाठी जे नाही ते मोजणे, इथून गैर सुरू होते. म्हणून त्या मुलांना आम्ही चूक म्हणत नाही, फक्त प्रत्येक भागावर आकडा टाकून पुन्हा मोजायला सांगतो. एकतीसवर येऊन थांबलेले मूल ज्या नजरेने वर पाहते ती पाहण्यासारखी असते.

एकतीसच का, हे सांगणेही भाग आहे, नाहीतर गणित म्हणजे फसवाफसवी असा समज व्हायचा. प्रत्येक नवी रेघ एक भाग वाढवते, आणि वाटेत ती जितक्या रेघांना छेदते तितके आणखी वाढवते. सहा बिंदूंमध्ये पंधरा रेघा होतात आणि, तीन रेघा एका ठिकाणी येऊ दिल्या नाहीत तर, पंधरा छेद. सुरुवातीचा एक भाग धरून एकूण एकतीस. पाच बिंदूंना हाच हिशेब लावला तर एक, दहा आणि पाच मिळून सोळा. दुप्पट वाटत होती ती दुप्पट नव्हतीच. दुसराच एक नियम काही काळ दुपटीच्या शेजारून चालत होता. सात बिंदूंना सत्तावन्न भाग येतात हे मुले मग स्वतःच काढतात.

चार उदाहरणे कमी पडली असे कुणी म्हणेल. मग चाळीस पुरतील? एक्केचाळीस घ्या. त्यात दोन मिळवा, मग चार, मग सहा, मग आठ. ४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१. सगळ्या मूळ संख्या. अठराव्या शतकात ऑयलरने दाखवलेली ही मालिका एक-दोन नव्हे, सलग चाळीस मूळ संख्या देते. एक्केचाळिसावी येते १६८१, आणि ती ४१ गुणिले ४१ आहे. म्हणजे चाळीस वेळा खरे ठरलेले अनुमानही एक्केचाळिसाव्या वेळी पडू शकते. किती उदाहरणे पाहिली म्हणजे भरवसा ठेवावा, या प्रश्नाला उदाहरणांचा कुठलाच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही.

तर मग कशावरच भरवसा ठेवू नये काय? तसेही नाही. चिंचोके घेऊन बसावे. एक चिंचोका ठेवला, त्याच्या दोन बाजूंनी तीन लावले, चारांचा चौरस झाला. त्याच्या दोन बाजूंनी पाच लावले, नवांचा झाला. मग सात, सोळांचा. विषम संख्यांची बेरीज दर वेळी पूर्ण वर्ग होते. इथे शंभरावा चौरस मांडून पाहावा लागत नाही. चौरस एका घराने वाढवायचा तर एका बाजूला जितके तितकेच दुसऱ्या बाजूला आणि कोपऱ्यात एक, हे डोळ्यांना दिसते. त्यात मोडण्यासारखे काही नाही. पहिल्या शंभर विषम संख्यांची बेरीज दहा हजार, हे चौथी-पाचवीतले मूल छातीवर हात ठेवून सांगू शकते.

सन १००० च्या सुमारास बगदादमध्ये अल-करजी नावाचा गणिती होऊन गेला. १ आणि ८ मिळून ९, त्यात २७ मिळवले तर ३६, त्यात ६४ मिळवले तर १००. घनांची बेरीज दर वेळी वर्ग येते, हा नियम त्याच्या पाचशे वर्षे आधी, ४९९ साली, आर्यभटाने सांगून ठेवला होता. अल-करजीने त्यासाठी चौरसाभोवती पट्ट्या लावत जाण्याची कृती दिली: आमच्या चिंचोक्यांसारखीच, पण पट्ट्यांची रुंदी दर वेळी एकाने वाढवत. प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ नेमका पुढचा घन भरते. तो दहापर्यंत गेला आणि थांबला. पण वाचणाऱ्याला दिसते की ही कृती अकराव्यालाही तशीच चालेल आणि हजाराव्यालाही. ऑयलरची चाळीस उदाहरणे आणि अल-करजीची दहा उदाहरणे यांत हा फरक आहे. चाळिसांत 'असे होते' एवढेच होते. दहांत 'असे का होते' तेही होते.

या 'का'वर आपल्याकडे फार जुना वाद आहे. ११११ साली वारलेल्या इमाम गझालींनी 'तहाफुतुल फलासिफा'मध्ये कापूस आणि आगीचा दाखला दिला. आग लागली आणि कापूस जळाला हे आपण पाहतो. आगीमुळेच जळाला, हे मात्र पाहत नाही. दोन गोष्टी एकापाठोपाठ येताना पाहण्याची आपल्याला सवय झालेली असते, एवढेच. बाराव्या शतकात इब्न रुश्द यांनी उत्तर दिले की कारणे नाकारणारा माणूस शेवटी बुद्धीच नाकारतो. आमच्यासारख्या शाळामास्तराने या दोन थोरांमध्ये निवाडा करू नये. पण गणिताच्या तासाला आम्हांला दोघेही लागतात. बत्तीस म्हणून ओरडणाऱ्या वर्गासमोर गझाली उभे करावे लागतात, आणि एकतीस पाहून हिरमुसलेल्या वर्गासमोर इब्न रुश्द.

मुलांना हे कसे सांगावे? बर्ट्रांड रसेलने १९१२ च्या आपल्या पुस्तकात कोंबडीचे उदाहरण दिले आहे. रोज दाणे टाकणारा हातच एके दिवशी तिची मान मुरगळतो. आमच्या मुलांना कोंबडीपर्यंत जावे लागत नाही. बकरी ईदच्या आधी महिनाभर दारात बोकड बांधलेला असतो. रोज हिरवा पाला, रोज अंघोळ, गळ्यात घुंगरू. त्या बोकडाने आपल्या आयुष्याचा आकृतिबंध मांडला तर पुढचा आकडा काय लिहील, असे एकदा विचारले तेव्हा वर्ग आधी खूप हसला आणि मग एकाएकी गप्प झाला. एका मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले की घरच्या बोकडाला पाला घालताना त्याला कसेसेच झाले. ते आम्ही तसेच राहू दिले, त्यावर काही बोललो नाही.

आता माणसांकडे येऊ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत: काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित नावांना बोलावणे कमी आले आणि मुस्लिम नावांना त्याहून कमी. अर्ज चाळणाऱ्यांपैकी फार थोडे जण दुष्ट असतील. नावावरून पुढचा आकडा भरण्याची त्यांना सवय झाली होती. आमचा एक माजी विद्यार्थी मोठ्या शहरात शिकायला गेला, तेव्हा फोनवर रिकामी असलेली खोली नाव सांगितल्यावर 'कालच गेली' होती. त्याने हे हसत हसत सांगितले. गणितात तो हुशार होता, त्यामुळे असेल, पुढे म्हणाला, 'सर, पाच जगह गया, पाँचों जगह कल ही गई थी.'

गणितात 'सर्व' म्हणणाऱ्या विधानाला पाडायला एकच उलट उदाहरण पुरते. एक १६८१ निघाला की मालिका संपली. समाजात तसे होत नाही. इथे उलट उदाहरण समोर आले की लोक त्याच्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, 'तुम्ही त्यांतले वाटत नाही.' उदाहरणाला अपवाद म्हणून बक्षीस मिळते आणि नियम जागच्या जागी शाबूत राहतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंत मराठीत लिहिणारे-गाणारे एवढे मुसलमान होऊन गेले, तरी आमचे मराठी ऐकून आजही लोक चकित होतात. उर्दू शाळेचा शिक्षक मराठीत लेख लिहितो म्हटल्यावर तर दोन्हीकडचे चमकतात. इकडचे जरा जास्तच.

कारण हा रोग एकतर्फी नाही. दुसऱ्या जमातीच्या माणसाबद्दल, मोहल्ल्यात नव्याने आलेल्या परप्रांतीय कामगाराबद्दल, शिकलेल्या मुलीबद्दल आपल्या ओट्यांवर जे बोलले जाते त्यात भाग दोनदा मोजूनच बत्तीस काढलेले असतात. जे नियमात बसते ते लक्षात राहते, वर्षभर सांगितले जाते. जे बसत नाही ते मोजलेच जात नाही.

यावर कुणी म्हणेल, मग माणसांच्या बाबतीत नियम पाहूच नयेत. हे मात्र आम्हांला मान्य नाही. काही नियम खरे असतात आणि ते न पाहणे हा शहाजोगपणा ठरतो. लूमवर हात कमी पडला की मुलगा शाळेतून गळतो. वय वाढले की मुलीचे दप्तर बंद होते. हा क्रम आम्ही वर्षानुवर्षे हजेरीपटावर पाहतो. तो पाहिलाच नाही तर 'का' विचारणार कोण? पण तोच क्रम समोर बसलेल्या एका मुलावर लिहिणे ही निराळी गोष्ट आहे. 'लूमवाल्याचे पोर, आठवीनंतर दिसायचे नाही,' हे वाक्य कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये सहज ऐकू येते. असे म्हणणाऱ्याला ते मूल चार दिवस आले नाही तर आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटत नाही म्हणून तो घरी निरोप पाठवत नाही. निरोप आला नाही म्हणून घरच्यांनाही वाटते, शाळेला काही फरक पडत नाही. मूल गळते, आणि अनुमान खरे ठरते. वर्तुळातले भाग आपला अंदाज ऐकत नाहीत, ते एकतीसच राहतात. मुले ऐकतात. आकडे आणि माणसे यांतला एवढा मोठा फरक असूनही अनुमानाची शिस्त आकड्यांच्या बाबतीत कडक आणि माणसांच्या बाबतीत ढिली, असे उलटेच चालते.

हल्ली हे काम यंत्रांकडेही गेले आहे. २०१८ साली बातमी आली होती की अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी संगणकाला आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकवले. ते बहुतेक पुरुषांचे होते. तेव्हा संगणक बायकांच्या अर्जांना गुण कमी देऊ लागला, आणि कंपनीला तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. संगणक खोटे शिकला नव्हता. ताण्यात जो धागा होता तो त्याने पुढे ओढला.

पुन्हा वर्गात. चौदा म्हणणाऱ्या मुलाला आम्ही पूर्ण गुण देतो, दहा म्हणणारालाही. अट एकच, चौकोनाशेजारी कारण लिहिले पाहिजे. सोळा लिहून कारण न देणाऱ्याचा अर्धा गुण जातो, आणि यावरून पालकांशी दर वर्षी थोडी हुज्जत होते. स्पर्धापरीक्षेत मात्र पर्यायांचे गोल काळे करायचे असतात, तिथे कारणाला जागा नाही. तिथे सोळाच लिहा, असे आम्ही मुलांना सरळ सांगतो. प्रश्न काढणाऱ्याच्या मनातला सर्वांत साधा नियम ओळखणे हा त्या खेळाचा रिवाज आहे. तो रिवाज आहे, सत्य नाही, हेही त्याच वेळी सांगतो. मुलांना यात विसंगती वाटत नाही. घरात एक बोली, शाळेत दुसरी, कचेरीत तिसरी, अशी त्यांची वाढ झालेली असते.

ओळखण्यापेक्षा रचण्यात मुले अधिक रमतात. प्रत्येकाने आपली मालिका रचायची, नियम कागदाच्या मागे लिहून घडी घालायची, बाकीच्यांनी ओळखायची. दुसऱ्याला मुळीच न सुटणारी मालिका रचली की मुलाला आधी विजय वाटतो. मग घडी उघडून सगळ्यांसमोर नियम वाचून दाखवायची वेळ येते, आणि 'मनाला येतील ते आकडे' लिहिणाऱ्याची पंचाईत होते. जो नियम मी सांगेन त्याला मीही बांधलेला आहे, हे या वेळी कळते.

सहावीतल्या एका मुलीने फळ्यावर लिहिले: ०, १, ३, २, ०, ३, १, ३, ०, १. वर्गाने बेरजा केल्या, वजाबाक्या केल्या, एक आड एक आकडे घेतले. एकाने ठामपणे सांगितले की यात काही नियमच नाही, हिने असेच लिहिले आहे. आम्हीही खडू हातात घेऊन बराच वेळ उभे होतो. तेव्हा ती म्हणाली, 'सर, अलिफ, बे, पे.' अलिफवर नुक्ता नाही, बेला एक, पेला तीन, तेला दोन. टेवर नुक्ता नसतो, छोटी तोय असते, म्हणून शून्य. सेला तीन. रोज जे लिहितो तेच होते. ज्याला ती लिपी येत नाही त्याला मात्र ही मालिका जन्मभर बेशिस्तच वाटली असती.

ही मालिका कागदावर लिहून मुलांनी पलीकडच्या गल्लीतल्या मराठी शाळेत पाठवली. त्यांना ती सुटली नाही. पण आठवड्याने त्यांच्याकडून एक चिठ्ठी आली. त्यात होते: २, ३, २, ३, ३, ४, ३, ३, ४, आणि पुढे रिकामा चौकोन. खाली एका ओळीचा इशारा: 'हे तुमच्याही किराणा दुकानाच्या भिंतीवर टांगलेले आहे.' दोन दिवस झाले, मधल्या सुट्टीत आमची मुले दुकानांच्या भिंती पाहत हिंडत आहेत.